सर्वाधिक आजारी एक टक्का : कॅमडेनमधील एका आरोग्यप्रयोगाचा इतिहास



मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. वैद्यक हा माझा विषय नाही. तरीही दरवर्षी संख्याशास्त्राचा भाग शिकवताना मी वर्गात अमेरिकेतील कॅमडेन या लहानशा शहराची हकीकत सांगतो. तिच्यात माणसे चांगली आहेत, कल्पना चांगली आहे, माहितीही भरपूर आहे. असे असूनही बरीच वर्षे सगळ्यांनी त्या माहितीवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. ती चूक पुढे आली, ती हे काम करणाऱ्या संस्थेने स्वतःचीच कसोटी लावायला होकार दिला म्हणून.

या पाठात आपण तीन गोष्टी पाहणार आहोत. अनेक आजार आणि अनेक अडचणी एकाच वेळी असलेल्या रुग्णांची एकत्रित काळजी त्यांच्या वस्तीत जाऊन घ्यावी, हा विचार कॅमडेनमध्ये कसा रुजला? तो यशस्वी झाला असे का वाटले? आणि काटेकोर चाचणीनंतर त्यातले काय टिकले? संख्याशास्त्राचे पूर्वज्ञान असण्याची गरज नाही. फासा टाकता आला म्हणजे पुरे.

१. शहर

कॅमडेन हे न्यू जर्सी राज्यातील शहर डेलावेअर नदीच्या काठी, फिलाडेल्फियाच्या समोर वसले आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते कारखान्यांचे शहर होते. कॅम्पबेल कंपनीचे डबाबंद सूप येथे तयार होई, मोठी जहाजे येथे बांधली जात. ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र तुमच्या आजी-आजोबांनी जुन्या तबकड्यांवर पाहिले असेल. तेच चित्र अमेरिकेत वापरणारी व्हिक्टर कंपनीही याच शहरातली.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने एकामागून एक बंद झाले किंवा दुसरीकडे गेले. १९५० मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे १,२४,००० होती, ती २०१० मध्ये सुमारे ७७,००० वर आली. ज्यांना जाणे शक्य होते ते गेले. मागे राहिली ती मुख्यतः गरीब कुटुंबे, बेकारी, ओस घरे, अमली पदार्थ आणि गुन्हेगारी. कॅमडेनचे नाव अमेरिकेतील सर्वांत गरीब आणि सर्वांत धोकादायक शहरांच्या यादीत वारंवार येऊ लागले.

शहरात मोठी रुग्णालये मात्र होती. ही विसंगती लक्षात ठेवा. रुग्णालय हाकेच्या अंतरावर होते, आणि तरीही लोकांचे आरोग्य वाईट होते.

२. डॉक्टर आणि नकाशा

जेफ्री ब्रेनर हे या शहरात काम करणारे कुटुंबवैद्य. आपल्याकडे ज्याला ‘फॅमिली डॉक्टर’ म्हणतात तेच. त्यांचे रुग्ण बहुतांशी गरीब होते. त्यातील अनेकांचा खर्च मेडिकेड या सरकारी विमायोजनेतून होत असे.

२००१ मध्ये त्यांच्या घराजवळ एका तरुण विद्यार्थ्यावर गोळीबार झाला. ब्रेनर मदतीला धावले, पण तो वाचला नाही. त्यानंतर ते शहराच्या पोलीस यंत्रणेत सुधारणा घडवून आणण्याच्या प्रयत्नांत सामील झाले. त्या निमित्ताने न्यूयॉर्क पोलिसांनी १९९० च्या दशकात वापरलेली पद्धत त्यांच्या वाचनात आली. गुन्हा कुठे घडला याची रोज नोंद करायची, नोंदी नकाशावर मांडायच्या आणि जिथे ठिपक्यांची गर्दी दिसेल तिथे बळ लावायचे, अशी ती पद्धत होती.

ब्रेनर यांना कॅमडेनसाठी असाच नकाशा हवा होता. त्यासाठी त्यांनी शहरातील तीन रुग्णालयांची बिलांची माहिती मिळवली. मारहाणीत जखमी झालेला माणूस शेवटी रुग्णालयातच येतो, तेव्हा बिलांवरून हिंसेचा नकाशा काढता येईल, हा त्यामागचा हिशेब. पोलिसांबाबतचा प्रयत्न फारसा पुढे गेला नाही. माहिती मात्र हातात राहिली. ते डॉक्टर होते, त्यामुळे तीच माहिती ते वेगळ्या नजरेने पाहू लागले. रुग्णालयात पुन:पुन्हा येणारे लोक कोण आहेत आणि ते राहतात कुठे, हा आता प्रश्न होता.

येथे थोडे थांबा. बिल ही हिशेबासाठी ठेवलेली नोंद असते. संशोधनासाठी ती कोणी ठेवत नाही. पण तिच्यात नाव, पत्ता, तारीख, आजार आणि रक्कम एवढे सगळे असते. निरुपयोगी समजून कपाटात पडलेल्या नोंदीला योग्य प्रश्न विचारणे, हे ब्रेनर यांच्या कामातील पहिले खरे संशोधन होते.

३. एक टक्का आणि तीस टक्के

माहितीतून जे दिसले ते धक्कादायक होते. शहरातील वैद्यकीय सेवा घेणाऱ्या सुमारे एक लाख लोकांपैकी केवळ एक टक्का, म्हणजे सुमारे हजार लोक, एकूण खर्चाच्या तीस टक्क्यांना कारणीभूत होते.

नकाशावर तर दोन इमारती ठळकपणे उठून दिसल्या. जानेवारी २००२ ते जून २००८ या काळात या दोन इमारतींतील सुमारे ९०० रहिवाशांनी रुग्णालयाच्या ४,००० हून अधिक फेऱ्या केल्या होत्या आणि त्यांची बिले सुमारे २० कोटी डॉलर इतकी झाली होती. संपूर्ण माहितीत एक रुग्ण असा होता, की तो पाच वर्षांत ३२४ वेळा रुग्णालयात दाखल झाला होता.

हे लोक कोण असतील? एक काल्पनिक पण प्रातिनिधिक चित्र डोळ्यांसमोर आणू. पन्नाशीतला एक माणूस. मधुमेह आहे, हृदय कमकुवत आहे, दमाही आहे. तीन डॉक्टरांनी दिलेली बारा औषधे घरात आहेत, पण त्यातील दोन एकमेकांच्या विरोधात काम करतात, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. घर भाड्याचे, तेही कधी असते, कधी नसते. दारूची सवय आहे. डॉक्टरांची वेळ ठरलेली असते, पण तिथे जायला बसभाडे नसते. श्वास लागला की तो रुग्णवाहिका बोलावतो. रुग्णालय त्याला चार दिवसांत सावरते आणि घरी पाठवते. तीन आठवड्यांनी तो परत येतो.

अशा रुग्णाला वैद्यकीय भाषेत ‘गुंतागुंतीचा रुग्ण’ म्हणतात. त्याचा एखादा आजार दुर्मिळ असतो असे नाही. त्याचे आजार, त्याचे घर, त्याचा खिसा आणि त्याचे मन यांची एकमेकांत गाठ बसलेली असते. हृदयरोगतज्ज्ञ हृदय पाहतो, फुप्फुसांचा डॉक्टर फुप्फुसे पाहतो, आणि गाठ कोणाच्याच टेबलावर येत नाही.

४. उपाय : गाठ सोडवणारा चमू

ब्रेनर २००२ पासून शहरातील डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेवक यांना एकत्र बसवत होते. त्यातूनच ‘कॅमडेन कोअॅलिशन’ ही संस्था उभी राहिली. पुढे संस्थेने या ‘एक टक्का’ रुग्णांसाठी स्वतंत्र चमू तयार केले. त्यात परिचारिका, समाजसेवक आणि वस्तीतून निवडलेले आरोग्य कार्यकर्ते असत.

कामाची रीत अशी होती. रुग्ण दाखल असतानाच चमू त्याला खाटेपाशी जाऊन भेटे. घरी सोडल्यावर काही दिवसांत घरी जाई. सगळ्या औषधांच्या बाटल्या टेबलावर मांडून कोणते घ्यायचे आणि कोणते थांबवायचे, हे डॉक्टरांना विचारून नक्की करी. पुढच्या तपासणीची वेळ ठरवून देई, गरज पडल्यास सोबत जाई. सरकारी मदतीचे अर्ज भरून देई. हा सहवास साधारण तीन महिने चाले आणि त्यानंतर रुग्णाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, अशी अपेक्षा असे.

आजार आणि जगणे यांचा एकत्र विचार करण्याची ही कल्पना नवी नव्हती. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउन भागात १९७० च्या दशकात ‘ऑन लोक’ या संस्थेने वृद्धांसाठी डॉक्टर, जेवण, वाहन आणि दिवसभराची सोबत एकाच छताखाली आणली होती. त्या नमुन्याला पुढे, १९९७ मध्ये, अमेरिकेच्या सरकारी विमायोजनेत कायमचे स्थान मिळाले. ब्रेनर यांनी घातलेली भर वेगळी होती. कोणाला मदत करायची हे त्यांनी माहितीवरून ठरवले.

५. यशाची बातमी

पहिल्या ३६ रुग्णांचा हिशेब झाला. कार्यक्रमात येण्यापूर्वी या सगळ्यांच्या मिळून महिन्याला सरासरी ६२ रुग्णालय-फेऱ्या होत होत्या. नंतर त्या ३७ झाल्या. म्हणजे ४० टक्के घट. बिले महिन्याला सरासरी १२ लाख डॉलरवरून ५ लाखांच्या थोडी वर आली. म्हणजे निम्म्याहून अधिक घट.

जानेवारी २०११ मध्ये शल्यविशारद आणि लेखक अतुल गवांदे यांनी ‘द न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकात या कामावर दीर्घ लेख लिहिला. (गवांदे यांचे वडील मूळचे महाराष्ट्रातील यवतमाळ जिल्ह्यातले.) या लेखाने ब्रेनर देशभर पोहोचले. २०१३ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. अमेरिकेतील अनेक शहरांनी कॅमडेनच्या धर्तीवर कार्यक्रम सुरू केले. सर्वांत आजारी माणसांची उत्तम काळजी घ्या, खर्च आपोआप कमी होईल, असा तो संदेश होता. चांगुलपणा आणि काटकसर एकाच दारातून आत येत असतील, तर कोणाला नको आहे?

गवांदे यांनी लेखातच एक इशारा नोंदवला होता, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. काही रुग्ण कार्यक्रमाशिवायही सुधारले असते, ही शक्यता त्यांनी मांडली होती. तरीही फायदा मोठाच असणार, असे त्यांना वाटले. तसे जवळपास सगळ्यांनाच वाटले.

६. माझ्या दहा विद्यार्थ्यांची गोष्ट

आता थोडा वेळ कॅमडेन सोडून माझ्या वर्गात या.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझी एक पद्धत होती. पहिल्या घटक चाचणीत सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्या दहा जणांना मी बोलावून घेई आणि चांगले खडसावी. दुसऱ्या चाचणीत त्यातील बहुतेकांचे गुण वाढत. मी मनोमन खूश होई. सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्यांचे मी कौतुक करी, आणि दुसऱ्या चाचणीत त्यातील काहींचे गुण कमी होत. ‘कौतुकाने पोरे शेफारतात’ असा सिद्धान्त मी शिक्षक-कक्षात काही वर्षे मांडत होतो.

एका वर्षी आजारपणामुळे मी रजेवर होतो आणि ते खडसावणे राहून गेले. दुसऱ्या चाचणीत तळाच्या दहांचे गुण तरीही वाढले. मग मी शांतपणे विचार केला. तळाच्या दहांमध्ये काही खरोखर कच्चे होते. पण काहींना त्या दिवशी ताप होता, काहींनी नेमका तोच धडा सोडला होता. त्यांचा तो वाईट दिवस होता. वाईट दिवस सहसा पाठोपाठ येत नाहीत. पुढच्या वेळी ते आपल्या नेहमीच्या जागी परतले, एवढेच. त्यात माझ्या आवाजाचा वाटा किती होता, ते मला कधीच कळणार नव्हते.

हाच प्रयोग तुम्ही वसतिगृहात करून पाहा. समजा, ६०० विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एक फासा टाकला. सुमारे १०० जणांना सहा पडतील. त्या १०० जणांना बाजूला काढा, चहा पाजा आणि पुन्हा फासा टाकायला सांगा. आता त्यांची सरासरी ३.५ च्या आसपास येईल. सहावरून साडेतीनवर, म्हणजे सुमारे ४२ टक्के घट! चहाने फाशावर परिणाम केला, असे तुम्ही म्हणाल का?

संख्याशास्त्रात याला ‘सरासरीकडे परतणे’ म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आई-वडील आणि मुले यांच्या उंचीच्या अभ्यासात हे दाखवले. अतिशय उंच आई-वडिलांची मुलेही उंच असतात, पण सरासरीने पाहता आई-वडिलांइतकी नसतात.

आजार हा निव्वळ फासा नाही, हे उघड आहे. हृदय कमकुवत असेल तर ते पुढच्या महिन्यातही कमकुवतच असणार. पण रुग्णालयात दाखल होण्यात आजाराच्या जोडीला वाईट महिन्याचाही भाग असतो. एखादा संसर्ग, औषध संपणे, घर सुटणे. ज्याच्या गेल्या सहा महिन्यांत सर्वाधिक फेऱ्या झाल्या त्यालाच आपण निवडतो, तेव्हा आपण त्याला त्याच्या सर्वांत वाईट काळात निवडतो. मग ३६ रुग्णांच्या त्या ४० टक्के घटीत चमूचे काम किती आणि वाईट काळ सरणे किती?

निव्वळ ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांची तुलना करून हे सांगता येत नाही. त्यासाठी दुसरा एक गट लागतो. तसेच रुग्ण, तशाच वाईट काळात निवडलेले, पण कार्यक्रम न मिळालेले.

७. चिठ्ठी टाकण्याचे धाडस

कॅमडेन कोअॅलिशनने हीच कसोटी स्वीकारली. एमआयटीतील अर्थशास्त्रज्ञ एमी फिंकेलस्टाइन आणि त्यांचे सहकारी यांच्याबरोबर संस्थेने यादृच्छिक चाचणी उभी केली. यादृच्छिक म्हणजे कोणाला कार्यक्रम मिळणार, हे डॉक्टरच्या मर्जीवर किंवा रुग्णाच्या उत्साहावर न ठेवता चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवणे.

जून २०१४ ते सप्टेंबर २०१७ या काळात ८०० रुग्ण निवडले गेले. अटींपैकी मुख्य दोन अशा : मागील सहा महिन्यांत किमान दोनदा रुग्णालयात दाखल झालेले असावे आणि किमान दोन दीर्घकालीन आजार असावेत. रुग्ण रुग्णालयात असतानाच त्याची संमती घेतली जाई आणि तिथेच गट ठरे. साधारण निम्म्यांना चमूची सोबत मिळाली. उरलेल्यांना नेहमीचे उपचार मिळाले.

तुमच्यातील कोणी विचारेल, आजारी माणसाच्या मदतीसाठी चिठ्ठी टाकणे क्रूर नाही का? हा प्रश्न योग्य आहे. पण चमूची ताकद मर्यादित होती, सगळ्या पात्र रुग्णांना घेणे शक्यच नव्हते. जागा कमी आणि गरजू जास्त असतील तेव्हा चिठ्ठी ही निदान वशिल्यापेक्षा न्याय्य असते. आणि कार्यक्रमाचा उपयोग होतो की नाही, हे खरोखर कोणालाच ठाऊक नव्हते.

धाडस आणखी एका ठिकाणी होते. या वेळेपर्यंत संस्थेचे नाव झाले होते, तिच्याकडे देश आदर्श म्हणून पाहत होता. चाचणीतून मिळवण्यासारखे तिच्याकडे थोडेच होते, गमावण्यासारखे बरेच.

८. निकाल

निकाल जानेवारी २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. घरी सोडल्यानंतर १८० दिवसांत पुन्हा दाखल व्हावे लागलेल्या रुग्णांचे प्रमाण असे होते :

कार्यक्रम मिळालेला गट : ६२.३ टक्के
कार्यक्रम न मिळालेला गट : ६१.७ टक्के

म्हणजे फरक जवळजवळ नाहीच.

आता खरा धडा पाहा. कार्यक्रम मिळालेल्या गटाचे नोंदणीपूर्वीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने एवढीच तुलना केली असती, तर दाखल होण्याच्या प्रमाणात ३८ टक्के-बिंदूंची घट दिसली असती. त्या आकड्यावर आणखी दहा शहरांनी कार्यक्रम सुरू केले असते. पण तशीच घट दुसऱ्या गटातही झाली होती, आणि त्या गटाच्या घरी कार्यक्रमाचा चमू गेला नव्हता.

या चाचणीत दुसरा गट नसता तर जगाला हे कधीच कळले नसते. माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीने यावर विचारले होते, “सर, मग त्या परिचारिका एवढे जिने चढल्या ते वायाच गेले का?” पुढचा भाग तिच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

९. काय कोसळले आणि काय टिकले

निकालाचा अर्थ लावताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

पहिली गोष्ट, चाचणीने एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर दिले. साधारण तीन महिन्यांच्या सोबतीने सहा महिन्यांतले पुन्हा दाखल होणे कमी होते का? उत्तर आले, नाही. रुग्णाला एकटे वाटणे कमी झाले का, वेदना कमी झाली का, हे त्या आकड्यात नव्हते. मोजमाप रुग्णालयाच्या दारावर बसवले होते. जे दारातून गेले नाही ते मोजले गेले नाही.

दुसरी गोष्ट, कार्यक्रम कागदावर होता तसा प्रत्यक्षात उतरवणे फार कठीण होते. घरी सोडल्यापासून पाच दिवसांत गृहभेट आणि सात दिवसांत डॉक्टरांकडे तपासणी, असे उद्दिष्ट होते. दोन्ही वेळेत झाल्या अशा रुग्णांचे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली राहिले. कामात कसूर झाली म्हणून नव्हे; सरासरीने पाहता प्रत्येक रुग्णामागे सात-आठ गृहभेटी झाल्या होत्या. पण ज्याला पक्के घर नाही त्याला पाचव्या दिवशी शोधायचे कुठे? ज्याचा फोन बंद आहे त्याला वेळ कशी कळवायची? २०२४ मध्ये याच चाचणीतील माहितीचे पुढील विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात दिसले, की कार्यक्रमातील रुग्ण घरी सोडल्यानंतर बाहेरच्या डॉक्टरांकडे, विशेषतः कुटुंबवैद्यांकडे, अधिक प्रमाणात पोहोचले होते. म्हणजे चमूने दार उघडले आणि रुग्ण आतही गेला. पण त्या दारापलीकडे जे मिळाले, त्याने रुग्णालयाची फेरी टळली नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. समन्वय म्हणजे असलेल्या सेवा एकमेकींना जोडणे. ज्या सेवाच नाहीत, त्या जोडून काय होणार? स्वस्त घर उपलब्ध नसेल तर घराचा अर्ज उत्तम भरून दिल्याने छप्पर मिळत नाही. व्यसनमुक्तीच्या उपचारांना जागा नसेल तर तिथपर्यंत सोबत जाऊन उपयोग नाही. अभियंत्याच्या भाषेत सांगायचे, तर नळजोडणी कितीही नेटकी केली तरी टाकीत पाणी हवे.

त्या विद्यार्थिनीला मी एवढेच सांगितले, की चढलेले जिने वाया गेले नाहीत. त्या जिन्यांवरूनच कळले, की अडचण आणखी वर, टाकीपाशी आहे.

१०. मद्रासची चिठ्ठी

हे वाचून तुमचा असा समज होईल, की वस्तीत जाऊन काळजी घेणे ही भाबडी कल्पना आहे आणि चिठ्ठी टाकली की ती कोसळतेच. तसे नाही. याचे सर्वांत सुंदर उदाहरण आपल्याच देशात आहे, तेही कॅमडेनच्या जवळजवळ साठ वर्षे आधीचे.

१९५६ मध्ये मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, क्षयरोगावरील औषधोपचारांच्या अभ्यासासाठी एक केंद्र सुरू झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मद्रास राज्य सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांचा तो संयुक्त उपक्रम होता. त्या काळी क्षयरोग्याला आरोग्यधामात पाठवणे हाच खरा उपचार मानला जाई. पूर्ण विश्रांती, सकस आहार, स्वच्छ हवा. पण देशातील रुग्णांची संख्या पाहता तेवढ्या खाटा कधीच मिळणार नव्हत्या.

केंद्राने चिठ्ठी टाकली. १९३ गरीब रुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात ठेवले, उरलेल्यांना घरीच. औषधे दोन्हीकडे तीच, वर्षभर. घरच्या रुग्णांची घरे दाटीची होती, आहार कमी होता, विश्रांतीही कमी. कार्यकर्ते त्यांच्या घरी अचानक जाऊन औषध घेतले जाते का, ते तपासत. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात दिसले, की घरी उपचार घेतलेल्यांची सुधारणा आरोग्यधामातील रुग्णांच्या तोडीची होती. घरातील इतर माणसांना अधिक धोका झाल्याचेही आढळले नाही. जगभर क्षयरोगाचा उपचार आरोग्यधामातून घरी आणण्यात या अभ्यासाचा मोठा वाटा आहे.

मद्रास आणि कॅमडेन शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे गरीब रुग्ण, दोन्हीकडे गृहभेटी, दोन्हीकडे चिठ्ठी. मद्रासमध्ये टाकीत पाणी होते. क्षयाच्या जंतूवर परिणाम करणारी औषधे हातात होती आणि ती मोफत घरापर्यंत पोहोचवणे एवढाच प्रश्न होता. कॅमडेनमध्ये एकच जंतू नव्हता आणि एकच औषधही नव्हते. त्यामुळे सारखी दिसणारी दोन कामे वेगळ्या शेवटाला पोहोचली. एका ठिकाणच्या यशावरून दुसऱ्या ठिकाणचे यश गृहीत धरू नये, आणि एका ठिकाणच्या अपयशावरून सगळे मोडीतही काढू नये, हे या दोन हकीकती एकत्र वाचल्यावर कळते.

११. समारोप

तुमच्यापैकी अनेक जण पुढे माहितीवर काम कराल. कोणी शाळागळतीचा, कोणी अपघातांचा, कोणी पाणीगळतीचा नकाशा काढेल. नकाशावर ठिपक्यांची गर्दी दिसेल, तुम्ही तिथे उपाय कराल आणि पुढच्या वर्षी गर्दी कमी झालेली दिसेल. त्या दिवशी सत्कार होण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा : उपाय केला नसता तर काय झाले असते? याचे उत्तर देणारा दुसरा गट तुम्ही सुरुवातीलाच आखला असेल तरच ते उत्तर मिळते. नंतर तो तयार करणे फार अवघड असते.

चाचणीनंतर कॅमडेन कोअॅलिशन बंद पडली नाही. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठीचे तिचे काम आजही चालू आहे. ब्रेनर यांनी बिलांच्या ढिगातून शोधलेली ती हजार माणसे खरीच होती, त्यांचे हाल खरे होते, आणि प्रचलित व्यवस्था त्यांना सावरत नाही, हे निदानही खरे होते. उपचार मात्र अपुरा ठरला. वैद्यकात असे नेहमी घडते. तेव्हा चांगला डॉक्टर निदान फेकून देत नाही, पुढचा उपचार शोधतो.

स्वाध्याय

१. सहाशे फाशांचा प्रयोग मित्रांसह किंवा संगणकावर करा. ज्यांना एक पडला त्यांना निवडल्यास दुसऱ्या वेळी काय दिसेल? आधी अंदाज लिहा, मग पडताळा.

२. तुमच्या महाविद्यालयात किंवा गावात ‘आधी इतके, आता इतके’ अशा भाषेत यश सांगितलेला एखादा उपक्रम शोधा. त्यासाठी योग्य दुसरा गट कोणता ठरला असता?

३. कॅमडेनच्या चाचणीत पुन्हा दाखल होणे हेच मुख्य मोजमाप होते. तुम्ही असता तर याशिवाय आणखी काय मोजले असते आणि कसे?

४. मद्रासच्या अभ्यासात दोन्ही गटांना तीच औषधे दिली गेली. तसे केले नसते तर निष्कर्षाचे काय झाले असते?